उन्हातल्या बरण्या

बुधवार, दिनांक अठरा डिसेंबर दोन हजार चोवीस, सकाळी सव्वाअकरा. स्थळ, बिलोली तालुक्यातील आमचे शेत. शेडच्या मागे चार फूट खोल खड्डा तयार होता, आणि त्यात कोंबडीची अडीचशे पिल्ले पुरायची की नाही, हे दुपारच्या आत ठरायचे होते.

पिल्ले माझ्या पत्नीची, नागुबाईची. तीन आठवड्यांपूर्वी तिने ती रेणापूरहून आणली होती. मी सेवानिवृत्त मुख्याध्यापक; औषधपाण्याची वही माझ्याकडे. पंधराव्या दिवसापासून एकेका पिल्लाची बोटे मुठीसारखी आत वळू लागली. उभे राहता येईना, म्हणून ती सांध्यांवर बसून सरकत. पण डोळे तरतरीत, आणि दाणा टाकताच त्यावर तुटून पडत. आजारी जिवाला भूक नसते, असे मी आजवर निःशंकपणे मानत आलो होतो.

शेजारच्या आप्पासाहेबांकडे दोन हजार पक्षी. त्यांनी सकाळीच कुंपणापलीकडून बजावले होते, "गुरुजी, ह्यो लकवा पसरतो. दुपारच्या आत पुरून टाका, न्हाई तर माझी शेड बसंल."

त्यांचे म्हणणे खोडायला माझ्यापाशी काही नव्हते. मी पिण्याच्या पाण्यातले जीवनसत्त्वाचे औषध दुप्पट केले, तर लंगडी पिल्ले नवावरून एकेचाळीसवर गेली. औषधच बाधत असेल, तर ते थांबवायला हवे; रोग औषधाहून बलवान असेल, तर ते आणखी वाढवायला हवे. एकाच नोंदीवरून दोन विरुद्ध निष्कर्ष निघत होते आणि दोन्ही मला सारखेच पटत होते. पिल्लेच मुळात सदोष, असे चार पानी पत्र मी रेणापूरला लिहिले; पण त्यातल्या नवव्या परिच्छेदाने तिसरा खोडला, म्हणून ते पोस्टात टाकले नाही.

पशुवैद्यक डॉक्टर सुकन्या आल्या. त्यांनी एक पिल्लू उचलले, बोटे सरळ केली. सोडताच ती पुन्हा वळली.

"खायला काय देता?"

"घरचा भरडा, बाई," नागुबाई म्हणाली. "ज्वारी, मका, सोयाबीनची पेंड. पिशवीतलं खाद्य ह्यांना पटत न्हाई."

"पटत नाही असे नव्हे. त्यातील घटकांचे प्रमाण पिशवीवर छापलेले नव्हते."

"तेच ते," नागुबाई म्हणाली.

"म्हणजे जीवनसत्त्वं फक्त पाण्यातून," डॉक्टर म्हणाल्या. "वही बघू."

त्या उभ्यानेच वाचू लागल्या. एका ओळीवर बोट थांबले. "'आठ वाजता औषध मिसळले, रंग हळदीसारखा पिवळा. अकरा वाजता पाणी कोमट, रंग फिकट. पिल्लांना दिले.' गुरुजी, हे तीन तास पाणी असतं कुठं?"

"गच्चीवर, काचेच्या बरण्यांत. थंडीत पिल्लांना गार पाणी देऊ नये. आमच्याकडे तान्ह्या मुलाच्या अंघोळीचे पाणीही उन्हातच तापवतात. माझ्या अंघोळीचेही तसेच तापवत."

"मी म्हनले, चुलीवर कोमट करू," नागुबाई म्हणाली. "तर हे म्हनले, धूर लागतो. ऊन शुद्ध असतं."

"रंग का उतरला, असं मनात आलं नाही?"

"आले. औषध तळाशी बसत असावे."

"तळाशी काही दिसलं?"

"नाही." तेही मी वहीत लिहिले होते.

"बी-दोन जीवनसत्त्व आहे ते. तो पिवळा रंग त्याचाच. उन्हात ते टिकत नाही."

"पण मी तर प्रमाण दुप्पट केले होते."

"दुप्पट उन्हात घातलंत."

ऊन जीवनसत्त्व देते, हे मी तीस वर्षे वर्गात शिकवले होते. तसे म्हणालोही. "ते वेगळं जीवनसत्त्व, गुरुजी," डॉक्टर म्हणाल्या आणि वही मिटून माझ्या हाती दिली. गच्चीच्या कठड्यावर आजच्या सहा बरण्या ओळीने चमकत होत्या. पाणी जवळजवळ रंगहीन दिसत होते.

नागुबाईचे लक्ष खड्ड्याकडे होते. "बाई, पसरतं का हे? आप्पासाहेबांना काय सांगू?"

"पसरत नाही. ज्यांची बोटं पुरती आखडली, ती दहा-बारा लंगडीच राहतील. बाकीची आठवड्याभरात चालतील. औषध सावलीत मिसळा, लगेच पाजा. खड्डा बुजवा."