बारा अंड्यांच्या खिडक्या

ऐक गं, नुसतं ऐक! आपण जिला 'धांदल' म्हणतो ना, तिचा प्रयोग दोनदा फसलेला. आता तिसराही गेला तर मॅडम तिला लॅबमधून काढूनच टाकणार होत्या. प्रयोग असा, की एक प्रोटीन अंड्यातल्या पिल्लाला रक्तवाहिन्या वाढवायचा निरोप देतं का, ते बघायचं. धांदलबाईंनी बारा अंडी घेतली, सहांवर पेन्सिलीने 'प्रोटीन' लिहिलं, सहांवर तुलनेसाठी नुसतं 'मीठपाणी'. मग एकेकाच्या टरफलाला छोटी खिडकी कापली, आत ज्याचा त्याचा थेंब सोडला, वर टेप लावली आणि अंडी उबवायच्या पेटीत ठेवली.

तीन दिवसांनी पेटी उघडते तर काय, एकाही अंड्यावर नाव नाही! हिने खिडकी कापली ती नेमकी नावावरच.

"मावशी, ते टरफलांचे तुकडे?" तिने झाडणाऱ्या मावशींना विचारलं.

"ते तेव्हाच कचऱ्यात गेले की गं बाई."

रडकुंडीला येऊन तिने टेपा काढल्या. सहा अंड्यांत लाल रेघांचं दाट जाळं, सहांत आपल्या चार-दोन रेघा.

मावशी म्हणाल्या, "मग झालं की! जाळं दिसतंय त्यांत प्रोटीन. लिहून टाक."

"अहो मावशी, तेच तर सिद्ध करायचंय!"

तेवढ्यात मॅडम आल्या, वाकून बघितलं आणि चक्क हसल्या. "शाब्बास! ही सहा प्रोटीनचीच ना?"

मावशींनी मागून हळूच हिच्या हातात पेन्सिल सरकवली. आता सांग, तू असतीस तर काय केलं असतंस?