सगळ्यात लांबची आकाशगंगा

मुरगूडच्या विहारात नातीचा सत्कार ठरला, तेव्हापासून सोनूबाईचे पाय जमिनीवर नव्हते. गिरणीत, बाजारात एकच टुमणं. शेजारच्या बाळाबाईला तर तिनं तोंडावर सुनावलं होतं, "तुझा ल्योक पुण्याला गेला; माझी नात आभाळाच्या पल्याड गेली."

नात संघप्रिया नारायणगावाकडच्या रेडिओ दुर्बिणीवर कामाला होती. आभाळातनं येणाऱ्या लहरी टिपायच्या नि आकाशगंगांची शिरगणती करायची. कुठल्या काळी किती होत्या, कशा बदलत गेल्या, हे त्या यादीवरनं उमगतं. त्यातल्या एका आकाशगंगेच्या लहरी मिळत होत्या, पण साध्या दुर्बिणींनी काढलेल्या फोटोत ती कुठंच दिसेना. म्हणजे फार फार लांबची असणार, असा अंदाज बांधून पोरीनं हरखून घरी फोन केला होता.

सत्काराच्या सकाळी ती एस्टीतनं उतरली ती तोंड पाडूनच.

"आज्जी, ती लांबची न्हाय. धुळीनं झाकली होती म्हणून दिसली न्हाय. दुसऱ्या दुर्बिणीनं अंतर मोजलं. बरीच जवळची निघाली."

"कुणाकुणाला ठावं हाय?"

"तिथं सगळ्यांना. मीच सांगितलं."

"मग हितं गप ऱ्हा. हार घालून घे. हितं कोण दुर्बीण घिऊन बसलंय?"

"तुझ्या मानासाठी गप बसंन. पण हार घालून घेणार न्हाय."

सोनूबाईनं तिच्याकडं बघितलं. हट्टाला पोर आजीवरच गेली होती.

दुपारी माणसं जमली. विहाराचा कारभार बघणारे भाऊसो हार घेऊन पुढं झाले, तशी सोनूबाई उठली. आयुष्यात तिनं कुणापुढं चूक कबूल केली नव्हती.

"जयभीम. पोरीनं अंदाज केला, डांगोरा मी पिटला. ती आकाशगंगा लांबची न्हाय. पोरीनं आपल्या तोंडानं चूक सांगितली. हार नको."

"म्हंजे पल्याडनं माघारी आली म्हणायची!" बाळाबाई म्हणाली. बाया फिदीफिदी हसल्या. सोनूबाईच्या जिभेवर चार उत्तरं आली. तिनं चारही गिळली.

भाऊसोंनी हार टेबलावर ठेवला. "पण पोरी, जवळची म्हंजे किती जवळ?"

"तिच्या लहरी निघाल्या त्याला पाचशे कोटी वर्षं झाली, काका."

"आरं तिच्या! ह्येला जवळ म्हणत्यात व्हय? बस, नीट सांग."

संघप्रिया सांगू लागली. सोनूबाई बायांच्या मागं जाऊन जाजमावर टेकली. तिला त्यातलं काही कळत नव्हतं. पोरीचा आवाज कुठं अडखळत नाही, एवढंच ती मान खाली घालून ऐकत राहिली.