शंभर टक्के लोकर

अवधूत रायकरांनी ठाण्याच्या एका लोकरीच्या गिरणीत चौतीस वर्षं कापड तपासलं. गिरणी बंद पडून बारा वर्षं झाली तरी बोटांची खोड काही गेली नव्हती. बसमध्ये शेजारच्या माणसाच्या कोटाला त्यांचा हात ‘चुकून’ लागायचा, आणि मग ते बायकोच्या, नीनाताईंच्या कानात सांगायचे, “चाळीस टक्के पॉलिस्टर.”

अशा माणसाच्या मुलीनं लग्न ठरवलं ते एडिनबरात. चैत्राली तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, आणि नवरामुलगा नकुल तिथेच जन्मलेला. त्यानं मानपान, देणंघेणं कसलंही नाव काढलं नाही. एकच इच्छा सांगितली: दोन्हीकडच्या पुरुषांनी किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा चौकडीचा चुणीदार घागरा, घालायचा.

“भाड्यानं मिळतो, बाबा,” चैत्राली म्हणाली.

“दुसऱ्याच्या अंगावरचं मी घालणार नाही. तयार मिळत असेल तर विकत घेऊ.”

एडिनबरातल्या दुकानात ओळीनं किल्ट टांगले होते आणि प्रत्येकावर ‘शुद्ध लोकर’ अशी चिठ्ठी होती. अवधूतरावांनी चिठ्ठ्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. किल्ट तळहातावर घेऊन वजन जोखलं, मुठीत चुरगाळून सोडला, मागच्या चुण्या उलटून चौकडी जुळते का ते पाहिलं. कुठे रेघ बोटभर सरकलेली, कुठे पट्ट्याला चामड्याऐवजी रेक्झिन. सात किल्ट नापास झाले. विक्रेतीच्या चेहऱ्यावरचं हसू पाचव्यालाच मावळलं होतं.

आठवा कोपऱ्यात होता. हिरवा-करडा, स्वस्तातला. शिलाई मशीनची, कापड जरा हलकं, चुण्याही बेताच्या. पण चौकडी जुळत होती, आणि खालची कड दुमडून शिवलेली नव्हती, मागावरचाच काठ होता. त्यांनी विक्रेतीला विचारून आतल्या शिवणीचा एक लोंबता धागा काढला, दाराबाहेर सिगारेट ओढणाऱ्या माणसाकडून लायटर मागितला. वाऱ्यानं तो दोनदा विझवला. तिसऱ्यांदा जळक्या केसांचा वास आला आणि बोटांत काळी भुकटी उरली, नकली धाग्यासारखा वितळलेला गोळा नाही.

“लोकर!” ते ओरडले.

“काँग्रॅच्युलेशन्स,” तो माणूस गंभीरपणे म्हणाला.

संध्याकाळी व्याही चहाला आले. हरीश प्रधान पंचेचाळीस वर्षांपूर्वी इंजिनियर म्हणून इथे आलेले. त्यांनी नव्या किल्टची कड दोन बोटांत धरली आणि लगेच सोडली.

“रेडीमेड घेतलात? ठीक आहे, एका दिवसापुरतं चालेल. पण अवधूतराव, तुम्ही जाणकार. तुम्हाला खरी वस्तू दाखवतो.”

त्यांनी बरोबर आणलेली लांब पिशवी उघडली. आत गडद निळा किल्ट होता.

“ऑफिसातल्या पहिल्या डिनरसाठी घेतला. दुकानदार म्हणाला, हा तुमच्यासाठी नाही, ते पलीकडचे स्वस्तातले बघा. मी म्हटलं, मला सगळ्यात भारी असेल तोच द्या. डिनरला हा घालून गेलो आणि त्या दिवसापासून मला कुणी परका म्हटलं नाही. आणि गंमत बघा, इतक्या वर्षांत एकदाही कसर लागली नाही. क्वालिटी!”

अवधूतरावांनी हात लावला. बोटांना अर्धा क्षणही लागला नाही. ॲक्रिलिक, नखशिखान्त ॲक्रिलिक. कसर लागणार कशाला? कसरीलाही चव असते.

त्या दुकानदारानं सव्वीस वर्षांच्या पोराला भर दुकानात फसवलं होतं, आणि त्या पोराला सत्तरी ओलांडली तरी पत्ता नव्हता. हरीशराव मान तिरकी करून वाट पाहत होते. विहीणबाई रेखाताई, नकुल, चैत्राली, सगळेच पाहत होते. कापडाच्या बाबतीत अवधूतराव मालकाशीही कधी खोटं बोलले नव्हते.

त्यांनी चुण्या हलकेच सारख्या केल्या.

“हरीशराव, चौतीस वर्षांत असं कापड आमच्या गिरणीत एकदाही आलं नाही.”

हरीशरावांचे डोळे भरून आले. नीनाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि कप गोळा केले.

लग्नाच्या दिवशी दुपारी फोटोसाठी सगळे बागेत उभे राहिले आणि पाऊस आला. अवधूतरावांच्या शुद्ध लोकरीनं तो मनापासून पिऊन घेतला. किल्ट जड झाला, चुण्या सैलावल्या, आणि त्यांच्याभोवती ओल्या मेंढीचा वास दरवळू लागला. हरीशरावांच्या किल्टवरून थेंब घरंगळून गेले. चुण्या सुरीच्या पात्यासारख्या उभ्या. फोटोग्राफरनं त्यांनाच मधे घेतलं.

“काका, तुमचा किल्ट भिजला,” नकुल हळहळला.

“रेडीमेडचं असंच,” हरीशराव मायेनं म्हणाले. “आधी विचारलं असतंत तर दुकान सांगितलं असतं.”

“चुकलंच माझं,” अवधूतराव म्हणाले आणि आत जाऊन हीटरला पाठ लावून उभे राहिले.

जेवणानंतर हरीशराव बोलायला उठले. लोकरीच्या गिरणीतल्या आपल्या व्याह्यांनी दिलेलं प्रशस्तिपत्र त्यांनी दीडशे माणसांना इंग्रजीत ऐकवलं, आणि हा किल्ट आजपासून नकुलचा, असं जाहीर केलं. टाळ्या झाल्या. एक स्कॉटिश म्हातारा उठून आला, त्यानं कापड चाचपलं, अवधूतरावांकडे बघून एक भुवई उचलली आणि जागेवर जाऊन बसला.

चैत्राली वडिलांच्या खुर्चीशी वाकली. “बाबा, खरं सांगा, अजून किती वर्षं टिकेल हो हा?”

“तुझ्या नातवंडांपर्यंत,” अवधूतराव म्हणाले, आणि हे मात्र त्यांनी अगदी छातीठोकपणे सांगितलं. “त्याला काही म्हणजे काही होणार नाही. फक्त मेणबत्तीपासून जपा.”