लोखंडाच्या दुकानातलं होकायंत्र

मी होकायंत्र. मुठीत मावेल एवढं पितळी अंग, आत थरथरता काटा. घटकाभर बसा, माझी हकीकत ऐका.

माझा जन्म मुंबईच्या गोदीजवळचा, पण समुद्र काही नशिबी आला नाही. एका मिशनरी डॉक्टरानं मला विकत घेतलं आणि मी थेट कळंबच्या काळ्या मातीत आलो. डॉक्टर मायदेशी निघाले, तेव्हा आपल्या गाडीवानाच्या हातात मला ठेवून गेले. त्या गाडीवानाचा नातू शांतवन. कळंबच्या बाजारात त्याचं लोखंडी सामानाचं दुकान आहे. फाळ, साखळ्या, खिळे, पत्रे.

शांतवन चौथीपर्यंत शिकलेला, पण गोष्ट सांगावी तर त्यानंच. रविवारी उपासना झाली की लेकरं गोळा करायचा आणि मला तळहातावर घ्यायचा.

"जुने खलाशी समुद्रात निघाले, तवा पलीकडं काय हाय कुणाला ठाव न्हवतं. कुणी मिऱ्यांसाठी निघालं, कुणी दुसऱ्याचा मुलूख लुटायला. एखादाच असा, की काही द्यायला निघाला. काटा सगळ्यांना उत्तरच दाखवायचा. आपण कशापायी निघालो, ते ज्यानं त्यानं देवाला विचारायचं." मग बोट उगारून, "आन् याच्याजवळ लोखंड न्यायचं न्हाय. काटा भुलतो."

लोखंडवाल्याच्या तोंडून हे ऐकून लेकरं हसायची.

शांतवनची एकुलती लेक नंदा. आई लहानपणीच गेली. नर्स झाली, धाराशिवच्या एका दवाखान्यात लागली, रोज एसटीनं जाऊन-येऊन. परवाच्या वर्षी एका दुपारी ती पत्र घेऊन दुकानात आली. आसामात नदीतल्या बेटांवर बोटीनं फिरणारा दवाखाना होता. तिथं तिला बोलावणं होतं. सोमवारपर्यंत कळवायचं होतं.

"पप्पा, मला जायचंय. प्रार्थनेला बसलं की तेच मनात येतंय."

"का, इथले आजारी संपले व्हय?"

"संपले न्हाईत. पण तिथं नर्स टिकत न्हाय."

"तू टिकशील? मांजरा नदीला पाणी आलं तरी तुला भ्या वाटतं."

"म्हणून तर प्रार्थना लई करावी लागती."

शांतवननं मला फळीवरून काढून टेबलावर ठेवलं. काटा फिरला आणि फाळांच्या ढिगाकडं तोंड करून थांबला.

"बघ, दुकानाकडंच दाखवतंय. देवाचं बी हेच म्हणणं दिसतंय."

शब्द थट्टेचे होते, आवाज तसा नव्हता. नंदानं पत्राची घडी घातली आणि घरी गेली. मला लाज वाटली. पण एवढ्या लोखंडापुढं माझं काय चालणार?

शेजारचे कापडवाले हणमंतप्पा चहाला आले होते. बशीतला घोट संपवून ते म्हणाले, "शांतवनशेठ, गिऱ्हाइकाला तुमी कधी खोटं माप दिलं न्हाई. लेकीला कसं काय दिलं?"

शांतवनचा चहा तसाच राहिला. भर बाजाराच्या वेळेला त्यानं शटर ओढलं, मला खिशात घातलं आणि घर गाठलं. नंदाला घेऊन गावाबाहेरच्या मोकळ्या रानात गेला. तिथं त्याच्या हातावर माझा काटा डुलला, स्थिरावला.

"ही उत्तर," तो म्हणाला. "आसाम कुठं हाय, ते हे सांगत न्हाय. तुला कोण बोलावतंय ते तुला ठाव. मघाशी मी खोटं बोललो, बाई. मला एकट्यानं जेवायचं भ्या वाटतं. खरं ते एवढंच."

नंदानं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. "मला बी भ्या वाटतं, पप्पा."

ती निघाली त्या पहाटे शांतवननं जन्मात पहिल्यांदा दशम्या केल्या. कडा करपल्या होत्या. त्या फडक्यात बांधून, वर मला ठेवून, त्यानं गाठोडं तिच्या हातात दिलं.

आता मी त्या बोटीत असतो. काचेवर चरे पडलेत. बोट हाकणाऱ्या सारंगाच्या मोबाइलमध्ये नकाशा आहे, मला कोण विचारतो? पण सुई टोचायच्या वेळी एखादं पोर रडायला लागलं, की नंदा मला त्याच्या मुठीत देते. पोर काट्याकडं बघत गप्प होतं. देवानं मला कदाचित याच्यासाठीच घडवलं असावं. समजायला इतकी वर्षं लागली, असू द्या.

संध्याकाळी कळंबहून फोन येतो. "जेवलीस का?" तो विचारतो. "तुम्ही जेवलात का?" ती विचारते. दोघंही थोडं थांबून "व्हय" म्हणतात.

तुमच्या उंबऱ्यात कुणी असं निघायला उभं असेल, तर त्यालाही भिऊ द्या, तुम्हीही भ्या. फक्त वाट अडवू नका. शिदोरी बांधून द्या. करपलेली असली तरी चालते.