उजवा गाल दौंडचा

करुणाच्या लग्नाची बैठक मोडायला आली ती तिच्या तोंडावरून. म्हणजे ती काही बोलली नव्हती. तोंडावरूनच.

करुणा शिरूरच्या एका मेडिकलात काउंटरवर बसायची. आयुष केडगावचा. रांजणगावच्या गाड्यांच्या कंपनीत, पेंट शॉपला क्वालिटीत. दोन्ही घरं बौद्ध, दोन्ही घरं सुधारलेली, म्हणून लग्न साधेपणानं ठरलं. हुंडा नाही, मानपान नाही, कुणाचे रुसवेफुगवे नाहीत. पण मानपानच नाही म्हटल्यावर भांडायला जागा उरली नाही आणि बैठकीला आलेली माणसं चहा पिऊन कासावीस झाली. भीमेच्या अलीकडं शिरूर, पलीकडं दौंड, मधे एवढी मोठी नदी, आणि तरी भांडण नाही, हे कुणालाच बरं वाटेना.

शेवटी आयुषच्या सुरेखाआत्यानं सोय केली. "नवरीचा मेकअप कुणाकडं?"

"आमची पोरगी सवताचं सवता करती," करुणाचे वडील महेंद्र म्हणाले. "मेडिकलमधलंच लावती सगळं."

"मेडिकल?" आत्यानं पदर सावरला. "तरीच. पोरीला मेडिकल चालू हाय, आन् आमाला आज कळतंय. रिपोर्ट कुठंयत?"

मेडिकल चालू नाही, मेडिकलमधलं लावते, यातला फरक समजावण्यात बराच वेळ गेला आणि तो कुणाला समजला नाही. आत्याचा मुद्दा सरळ होता. मेडिकलात मिळतं ते औषध. औषध लावतो तो आजारी. आणि आत्यानं स्वतः दौंडला ब्यूटी पार्लरचा कोर्स केला होता, भिंतीवर सर्टिफिकेट होतं, तेही खिळ्यानं नाही, स्क्रूनं लावलेलं.

खरी गोष्ट वेगळी होती. साखरपुड्याला आत्यानं स्वतःच्या हातानं करुणाच्या तोंडाला एक इम्पोर्टेड क्रीम लावली होती. दुबईची. जेवणं होईपर्यंत करुणाचं तोंड असं सुजलं, की अंगठी घालताना तिला आयुषचं बोट चाचपून शोधावं लागलं. आत्या पाहुण्यांना सांगत होती, "खात्यापित्या घरची हाय पोरगी, दिसतंयच."

तेव्हापासून करुणानं महागड्या बाटल्यांशी बोलणं सोडलं. ती आपल्याच मेडिकलच्या खालच्या फळीवरून घ्यायची. पांढऱ्या डब्यातलं बिनवासाचं लोशन, उन्हाची साधी ट्यूब, आणि बोटानं गालाच्या हाडावर फिरवायला थोडी पेट्रोलियम जेली, पार्लरवाल्या ज्याला हायलायटर म्हणतात तेच. ओठांची लाली तीच गालाला. काजळ ते काजळ, आणि ब्रशनं उचलून तेच भुवयांना. एवढ्यावर तिचं तोंड शांत होतं, आणि शांत तोंड ही किती मोठी चीज आहे, हे सुजल्याशिवाय कळत नाही.

बैठकीत आवाज चढले. मग पोपटरावमामा उठले. लग्न त्यांनीच जमवलेलं. त्यांच्याकडं प्रत्येक भांडणावर एकच तोडगा असायचा आणि तो त्यांनी काढला. "मेकअप निम्मा-निम्मा. विषय संपला."

त्यांना खर्च म्हणायचं होतं. पण दोन्हीकडच्यांनी माना डोलावल्या आणि प्रत्येकानं मनात तोंडाची उभी वाटणी केली.

"डावी बाजू आमची," महेंद्र म्हणाले.

"मंग उजवी दौंडची," आत्या म्हणाली. "आन् नाक?"

"नाक मुलीकडच्यांचंच ऱ्हाईल!"

"ठेवा. तसंबी नकटंच हाय."

पोपटरावमामांना आपण काय बोललो ते तेव्हा उमगलं. पण आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा तोडगा दोन्हीकडं इतक्या एकमतानं मान्य झाला होता, तो मोडायची त्यांची छाती झाली नाही.

करुणानं रात्री आयुषला फोन केला. "तुझ्या आत्याला सांग, ती दुबईची डबी माझ्या तोंडाजवळ आणायची न्हाई."

"सांगतो."

"साखरपुड्यालाबी सांगतोच म्हणला होतास."

"व्हय. सांगतो."

आयुषला आत्यानं वाढवलं होतं. आई कारखान्याच्या कामावर जायची तेव्हा आत्यानंच त्याला भरवलं, नाहू घातलं, आणि पोरगं समोर उलटं बोलणार नाही इतपत धाकात ठेवलं. कंपनीत तो मॅनेजरला तोंडावर सांगायचा, ही गाडी रिजेक्ट. घरी आत्यानं करपलेली भाकर वाढली तरी ती पास.

"ऐक," करुणा म्हणाली. "हॉलवर तुला एकदा संधी हाय. माझ्या बाजूनं एक वाक्य बोललास तर लग्न. न्हाई बोललास तर मी तिथनंच माघारी. साडी पांढरी हाय, कुठंबी नेसता येती, कार्यालयाचं भाडं जाईल, मला काय फरक पडत न्हाई."

"एकच वाक्य?"

"एकच. पण आत्याच्या तोंडावर."

मग आयुष म्हणाला, "सांगतो."

लग्न चौफुल्याच्या अलीकडं एका हॉलवर होतं. मुहूर्ताची भानगड नव्हती, त्यामुळं उशीर व्हायला काही मर्यादाही नव्हती. नवरीच्या खोलीत करुणा आरशासमोर बसली आणि तिनं डावी बाजू स्वतः करून घेतली. लोशन, ट्यूब, बोटभर जेली, नाकासकट. कपाळाच्या मधोमध ती थांबली. हद्द आली होती.

आत्या आली ती डबी दोन्ही हातांत धरून, जणू आत काहीतरी झोपलेलं आहे. झाकण उघडलं आणि खोलीभर डांबरगोळ्यांचा वास सुटला.

करुणाला काउंटरची सवय. तिनं आधी डबी उलटी केली. "आत्या, ही कवाची हाय?"

"कवाची म्हंजी? दुबईची हाय."

"एक्सपायरी पुसून गेलीय."

"एवढ्या महागाच्या वस्तूला एक्सपायरी कशाला असंल? ती तुमच्या गोळ्यांना असती." आत्याला खरोखर राग आला होता. "माझ्या पैठणीत गुंडाळून ठेवलीय, कपाटात. किती वर्षं झाली, मी सवता एकदा बोट लावलं न्हाई. पाव्हण्यांसाठी जपली. तुझ्यासाठी काढली, तर तू उलटी करून बघती!"

हे मात्र आत्या प्रेमानं बोलत होती, तिच्या समजुतीप्रमाणं. आणि तिचं प्रेम कसं होतं ते साखरपुड्याला सगळ्यांनी पाहिलंच होतं.

"पोरी, लावून घे," दारातून महेंद्र म्हणाले. "एका गालासाठी लग्न मोडायचं का? निम्मं-निम्मं आपणच कबूल केलंय."

"तुम्ही केलंय, पप्पा. गाल माझा हाय."

"बैठकीत तू काय बोलली न्हाईस."

"मला कुणी विचारलं?"

यावर महेंद्र जेवणाची व्यवस्था बघायला गेले.

करुणानं डोळे मिटले. "लावा. पण सुजलं तर मी स्टेजवर येणार न्हाई, आन् हे मी आत्ताच सांगून ठेवती."

"सुजत न्हाई," आत्या म्हणाली आणि तिनं बोटं भरून उजवा गाल लिंपला, मन लावून, पोतेरं फिरवावं तसा. वर तिची स्वतःची पावडर बसवली, तीन शेड उजळ. आता करुणा डावीकडून बघितली तर शिरूरची एक सावळी, नीटनेटकी मुलगी होती आणि उजवीकडून बघितली तर नुकतीच चुना लावलेली शाळा.

मग शाळा फुगू लागली.

आधी खाज, मग लाली, मग गाल हळूहळू वर येऊन डोळ्याला भेटला. करुणा आरशात बघत शांतपणे म्हणाली, "आलं."

खोलीत गर्दी झाली. आत्यानं एक नजर टाकली आणि निकाल दिला. "हे तिच्या मेडिकलच्या औषधानं झालंय. डावीकडचं उजवीकडं उतरलं."

"उतरलं? तोंडात काय पाट काढलाय का?" महेंद्र भडकले.

"शिरूरकडं काहीबी असंल!"

"ताई, शिरूरला काय म्हणायचं काम न्हाई. दौंडच्या माणसानं तर अजिबात न्हाई."

बाहेर हॉलमध्ये ही बातमी गेली आणि खुर्च्या आपोआप दोन भागांत सरकल्या. माइकवरचा माणूस बिचारा तिसऱ्यांदा सांगत होता, की आहेर स्वीकारले जाणार नाहीत. करुणा उठली, पायात चप्पल घातली आणि म्हणाली, "आयुषला बोलवा. न्हाईतर गाडी बोलवा."

आयुष आला. पांढरा सदरा, गळ्यात हार नाही, चेहऱ्यावर रविवारी आत्यासमोर जेवायला बसल्यासारखी भीती. त्यानं करुणाकडं पाहिलं, आणि सवयच ती, मोबाइलची बॅटरी लावून गालावर तिरकी मारली. आधी डावीकडून, मग उजवीकडून.

"लेफ्ट साइड ओके," तो पुटपुटला. "राइटला बबलिंग. शेडबी मॅच न्हाई."

"मी बंपर हाय का रं?"

"न्हाई, तसं न्हाई—"

"मंग वाक्य बोल. ती हितंच उभी हाय."

आयुषनं आत्याकडं पाहिलं. आत्यानं आयुषकडं. त्यानं तोंड उघडलं, मिटलं. खोलीतली सगळी माणसं त्याच्या ओठांकडं बघत होती, आणि ओठ काही चालत नव्हते. करुणानं पर्स उचलली.

"टेस्ट घेऊ," आयुष एकदम म्हणाला.

"काय?"

"भांडून कळणार न्हाई कशानं झालं. टेस्ट घेऊ." आणि त्यानं खुर्ची ओढली, बसला, आणि दोन्ही गाल पुढं केले. "उजव्याला आत्याची. डाव्याला हिचं."

करुणाला हे वाक्य म्हणून धरावं की नाही ते कळेना. पण पर्स तिनं खाली ठेवली. तिनं त्याच्या डाव्या गालाला लोशन लावलं, जरा जोरातच. आत्यानं उजव्या गालाला डबीतलं लावलं, लहानपणी नाहू घालायची त्याच हातानं.

मग सगळे थांबले. पोपटरावमामा त्याच्या समोर खुर्ची टाकून बसले, पंच असल्यासारखे. उजव्या बाजूला केडगावची माणसं दाटली, डाव्या बाजूला शिरूरची. बौद्धाचार्य दारातून डोकावले, त्यांनी नवरदेवाचे गाल पाहिले आणि न विचारता परत गेले. माइकवरून सूचना आली, "विधीला थोडा उशीर आहे, नवरदेवाचा निकाल यायचाय, मंडळींनी जागेवर बसून घ्यावं."

"खाजतंय?" करुणानं विचारलं.

"न्हाई," आयुष म्हणाला. मग म्हणाला, "जरा." मग बोलला नाही, कारण उजवा गाल निघाला होता.

"आलं! आलं!" महेंद्र ओरडले, आणि मागून शिट्टी आली. शिरूरची मंडळी एकमेकांच्या पाठी थोपटत होती. जावयाचं तोंड सुजल्याचा असा आनंद त्या हॉलवर यापूर्वी कुणी साजरा केला नसेल.

"त्याला लहानपणी वांग्यानंबी असंच व्हायचं," आत्या म्हणाली. पण आवाज बसला होता. तिनं डबी छातीशी धरली आणि पुन्हा बोट बुडवलं. "एका बाजूचं बरं दिसत न्हाई. थांब, दुसरीकडंबी लावती, म्हंजी सारखं होईल." आणि ती करुणाच्या डाव्या गालाकडं वळली.

आयुष उठला. मधे आला. गालानं त्याचा एक डोळा मिटला होता आणि ओठ एका कडेला गेला होता.

"आत्या," तो म्हणाला, "धबी ठेव."

"काय म्हणला?"

"धबी. खाली. ठेव. तिच्या तोंधाला हात लावायचा न्हाई. आज न्हाई, नंतरबी न्हाई."

आत्याच्या हातातली डबी तशीच राहिली. सगळी हयात जे पोरगं करपलेली भाकर पास करत आलं, त्यानं पहिल्यांदा काही रिजेक्ट केलं होतं, तेही बोबडं.

"हे वाक्य न्हवतं," करुणा म्हणाली. "चार झाली." आणि चप्पल काढून ठेवली.

तिनं उजवी बाजू साबणानं धुतली, हद्दीबिद्दीसकट. पर्समधून सुजेची गोळी काढून एक स्वतः घेतली, एक त्याला दिली. मग कॅलामाइनची गुलाबी बाटली हलवून दोघांच्या उजव्या गालांना लावली. "वाळू दे. बोलू नको."

"बोल म्हणती, बोलू नको म्हणती," आत्या भिंतीला म्हणाली.

विधी झाला. पंचशीलाच्या वेळी खोटं न बोलण्याचं शील आलं तेव्हा आत्यानं ते सगळ्यांहून मोठ्यानं म्हटलं, महेंद्रकडं रोखून बघत. महेंद्रनंही तेवढ्याच मोठ्यानं उत्तर दिलं. बौद्धाचार्यांना वाटलं, श्रद्धा आहे.

गोळीनं गुंगी येते, हे करुणाला माहीत होतं. पण पाहुण्यांची मनोगतं एवढी लांबतील हे माहीत नव्हतं. पाचव्या मनोगताला नवराबायको एकमेकांच्या खांद्यावर टेकून झोपले, आणि लोक म्हणाले, किती प्रेम आहे.

फोटोवाल्याला अडचण आली. दोघांचाही उजवा गाल गुलाबी आणि फुगलेला. शेवटी त्यानं दोघांना तोंड उजवीकडं वळवायला लावलं, म्हणजे डावे गाल तेवढे येतील. उजवीकडं जेवणाचा मांडव होता. त्यामुळं एकूण एक फोटोत नवराबायको हातात हात घेऊन, पेंगुळलेल्या डोळ्यांनी, वरणभाताकडं टक लावून बघतायत.

पंधरा दिवसांनी अल्बम केडगावला आला. आत्यानं चष्मा लावला, पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, शेवटापर्यंत गेली आणि अल्बम करुणाच्या मांडीवर टाकला.

"बघ," ती म्हणाली. "लग्न दौंड तालुक्यात, पंगत आमची, आन् अल्बमभर तोंडं सगळी शिरूरची."