बाप्पांवर पांघरलेला पडदा

मी एक जुना पडदा आहे, मित्रांनो. इतका पातळ, की माझ्या आडून वर्तमानपत्र वाचता येईल! पण पाण्याशी माझं हाडवैर. रोह्याजवळच्या एका कंपनीत फ्लोरिन असलेल्या प्लॅस्टिकचे दाणे वितळवून माझी फिल्म ओढली. मग माझं अंग डोळ्यांना दिसणार नाही इतकं बारीक खडबडीत केलं. पहिल्यांदा माझ्यावर पाणी शिंपडलं, तेव्हा काय सांगू! थेंब गोल गोल होऊन घरंगळले आणि मी कोरडा ठणठणीत! तिथे काम करणाऱ्या मनस्वीने तर टाळ्याच पिटल्या.

मनस्वी पेणची. तिचे वडील कमळाकर शाडूच्या मूर्ती घडवतात. शाडूची माती कच्ची, पाणी लागलं की रंग ओघळतो, नाक झिजतं. आदल्या वर्षी ताडपत्रीत साचलेलं पाणी टेम्पोतल्या मूर्तींवरच ओतलं गेलं होतं. "औंदा पन असंच झालं, तर शाडू सोडला. पुढं सगलं प्लास्टर," असं त्यांनी सांगून टाकलं होतं. मनस्वीचा जीव त्या मातीत. म्हणून साहेबांना विचारून, चाचणीतून उरलेल्या मला तिने गुंडाळून घरी आणलं.

कमळाकरांनी माझ्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि ते खुदकन हसले. मग उत्साहाच्या भरात त्यांनी माझा एक तुकडा कापला आणि एका छोट्या मूर्तीला सगळीकडून घट्ट चिकटवला. मीही फुशारलो. आता पाऊस काय करणार?

मनस्वीची आई जनी मात्र बादली घेऊन आली. "आदी ईसर्जन करून बघा."

मूर्ती बादलीत ठेवली. दुसऱ्या दिवशी बघतात तर बाप्पा जसेच्या तसे!

"अगो मनस्वी, ह्ये विरघलत नाय!" कमळाकर घाबरले. "मंग बाप्पा घरी कसं जातील गो?"

माझं तोंड एवढंसं झालं. ज्या गुणावर मी नाचत होतो, त्यानेच बाप्पांची वाट अडवली होती. मनस्वीने तो तुकडा सोलून काढला, मूर्तीच्या वर अलगद धरला आणि म्हणाली, "चिकटवायचा नाय, बाबा. पांघरायचा!"

मूर्ती रोह्याशेजारच्या अष्टमी गावी पोचवायच्या होत्या. टेम्पोत बांबूंवर मला उतरता, ताठ बांधलं. पेणची रामवाडी सुटली आणि पावसाने गाठलंच. नागोठण्यापर्यंत नुसता बदाबदा! मी जीव खाऊन ताणलेला. थेंब पडत होते, घरंगळत होते, धूम पळत होते. कमळाकर मूर्तींजवळ बसून श्वास रोखून वर बघत होते. अष्टमीला पोचल्यावर त्यांनी एकेका मूर्तीवरून हात फिरवला. सगळ्या कोरड्या!

"फुडच्या साली पन शाडूच!" ते भर पावसात ओरडले. मित्रांनो, मला हात असते तर मी त्यांच्या गळ्यातच पडलो असतो!

त्यानंतर बरेच गणपती झाले. मी खरचटलो, फाटलो, कोपऱ्यात पडलो. परवा कचरा पेटवताना कमळाकरांनी मलाही उचललं. मनस्वी धावत आली. "बाबा, ह्याला जालू नका! धूर विषारी होतो."

तिचं खरं आहे. मला जाळू नका, खाडीतही फेकू नका. बाप्पा पाण्यात मिसळून जातात, मला ते जमत नाही. अगदीच निकामी झालो की कंपनीत परत द्या. पण आधी माझी भोकं बुजवा ना, टेम्पो दारात उभा आहे!