बाबांच्या आवाजामागचे गाणे

मित्रांनो, मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. माझ्या पोटात एका माणसाचा आवाज आहे. कितीतरी वर्षे तो जगात दुसरीकडे कुठेच नव्हता.

तो माणूस पुस्तकांची बांधणी करायचा. त्याला मुलगी झाली तेव्हा धाकट्या भावाने कुणाचा तरी कॅमेरा मागून आणला आणि मला त्यात घातले. दुकानात खळीचे डबे, कागदांच्या थप्प्या आणि फळीवर चालू रेडिओ. तान्हीला मांडीवर घेऊन तो बायकोला म्हणाला, “डोळे माझ्यावर गेलेत. नाक तुझं आहे, त्याला मी काय करू?” मागे रेडिओवर गाणे लागले होते. मी दोन्ही आवाज एकाच फितीवर टिपले. मला निवड करता येत नाही.

मुलगी चालू लागण्याआधीच तो गेला. मी कपाटात चादरींखाली पडून राहिले. माझ्यावर बुरशी चढली.

मुलगी कॉलेजात गेली. एका स्पर्धेसाठी तिने बाबांवर छोटी फिल्म करायला घेतली. फोटो स्टुडिओवाल्याने मला पुसून-झटकून माझ्यातले सारे कॉम्प्युटरवर उतरवून दिले. आईने ते पुन्हापुन्हा ऐकले. मग तिने आत्या, मामा, झाडून सगळ्यांना निरोप धाडले, की स्पर्धेत फिल्म दाखवतील तेव्हा ह्यांचा आवाज ऐकायला या.

फिल्म तपासताना कॉलेजातल्या सरांनी ते गाणे ओळखले. मायेनेच म्हणाले, “गाणं दुसऱ्याच्या मालकीचं आहे. परवानगी आण, नाहीतर तेवढा आवाज काढावा लागेल.” सरांचे चुकले नव्हते. गाणे रचणाऱ्यानेही रक्ताचे पाणी केलेच असणार. मुलीने गाण्याच्या कंपनीला पत्रांवर पत्रे लिहिली. कंपनीने हूं की चूं केले नाही. स्टुडिओवाल्याने गाणे वेगळे काढून पाहिले, तर बाबा विहिरीच्या तळातून बोलल्यासारखे वाटू लागले. शेवटी तिने फिल्ममधले दोन्ही आवाज पुसले. आईला सांगायचा मात्र तिला धीर झाला नाही.

स्पर्धेच्या दिवशी सभागृहात मी मुलीच्या पिशवीत होते. पडद्यावर बाबा आले, त्यांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. आई पुढे वाकून म्हणाली, “अगं, आवाज वाढव ना.” मुलीने तिचा हात धरला. आईने पुन्हा तेच सांगितले, या वेळी जरा हळू. आवाज तिच्यापासून हातभर अंतरावर होता, आणि मला तो देता येत नव्हता.

मित्रांनो, दुसऱ्याचे गाणे घ्यायचे तर आधी विचारा, आणि वेळेत विचारा. आणि घरच्या माणसाला बोलते कराल, तेव्हा उठून आधी रेडिओ बंद करा.